नाश्त्याच्या सरदाराने दळणाच्या रांगेचा कोड वाचला, त्याची हकीकत

॥ श्री ॥

विद्येची देवता प्रसन्न असो, वीज अखंड राहो, आणि केलेले काम जतन करून ठेवण्याची बुद्धी सर्व लेकरांस वेळेवर होवो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरी, पौष मासी जे कार्य आरंभिले आणि पुढील संवत्सरी वैशाखात जे फळास आले, त्याचे वर्तमान येणेप्रमाणे. आळीतील मुले विचारती जाहली की, उत्तर येत असता मनुष्य परीक्षेत गप्प का होतो, आणि मग बोलता कसा होतो. त्यांस एका वाक्यात सांगता येईना, म्हणून हे विस्तारे लिहिले आहे. मीठमसाला चवीपुरता घातला आहे, अधिक नाही.

एका माळरानावर तंत्रनिकेतनाचे राज्य होते. गादीवर प्राचार्य महाराज, हाताखाली विभागोविभागीचे प्रधान, आणि त्यांत संगणक विभागाचा मान मोठा, कारण राज्यातील एकमेव थंड हवेचे यंत्र त्यांचेच प्रयोगशाळेत होते. पदविकेची मोहीम तीन वर्षांची, सत्रे सहा, आणि सहावे सत्र म्हणजे अखेरचा गड. त्या गडास लेखी परीक्षेचा दरवाजा होता, सबमिशनचा होता, प्रात्यक्षिकाचाही होता, परंतु महाद्वार एकच, ते म्हणजे प्रकल्प. तिघातिघांनी टोळी करावी, चार महिने खपून संगणकाचे एक उपयोगी काम सिद्ध करावे, त्याचा अहवाल काळ्या पुठ्ठ्यात सोनेरी अक्षरांनी बांधावा, आणि अखेरीस परमुलखातून बाह्य परीक्षक येतील त्यांसमोर एकेकट्याने उभे राहून तोंडी जबाब द्यावा, ऐसा शिरस्ता होता. आणि याहून जुना एक शिरस्ता होता, तो कोठे लिहिलेला नव्हता, पण सर्वांस पाठ होता. तो ऐसा की, टोळीतील एकाने कोड लिहावा, दुसऱ्याने अहवाल छापावा, आणि तिसऱ्याने परीक्षकांसाठी नाश्ता आणावा. या तिसऱ्यास त्या राज्यात नाश्त्याचे सरदार म्हणत. सरदारकी मोठी गोड होती. चार महिने काही काम नसे. परंतु तोंडी परीक्षेचे दिवशी तो गोडवा घशाखाली उतरत नसे.

त्या साली केतकीबाई लोखंडे, सोहेलखान मुलाणी आणि हणमंतराव सुरवसे यांची टोळी जाहली. केतकीबाई कोड लिहिण्यात निष्णात, बोटे चालू लागली म्हणजे संगणकाच्या कळपाटावर टापा वाजाव्या तैसा आवाज होई. सोहेलखान अहवालाचे कामी कुशल, अक्षराचा आकार तसूभर चुकला तरी त्यांस जेवण जात नसे. आणि हणमंतराव आपसूक नाश्त्याचे सरदार जाहले. त्यांस नेमिले कोणी नाही. ते मागे उभे राहिले, आणि मागे उभा राहील त्याचे वाट्यास ते पद येतेच. हणमंतराव मंदबुद्धी होते ऐसे नव्हे. पाचव्या सत्रात तोंडी परीक्षेस उभे असता परीक्षकांनी सोपा प्रश्न केला होता, उत्तर मनात लखलखीत होते, परंतु जीभ टाळ्यास चिकटली ती सुटलीच नाही. परीक्षकांनी थोडी वाट पाहिली आणि मग पुढील मुलास बोलाविले, आणि हणमंतरावांचे एक वर्ष गेले. त्यांचे तीर्थरूप एसटीचे वाहक, मितभाषी. ते सहावे सत्र लागतेवेळी इतकेच बोलिले, "हणमंता, एक वर्ष पडलं ते पडलं. आता पडलं तर मामाच्या मंडपाच्या धंद्यात जा. तिथं तोंडी परीक्षा नसते." त्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. कारण हणमंतरावांचे मन मंडपात नव्हते, संगणकातच होते. जे सांगावे तेवढेच निमूट करणारे, हसत नाही, चिडत नाही, घाई करीत नाही, ऐसे यंत्र त्यांस लहानपणापासून प्रिय होते. परंतु ही गोष्ट त्यांनी कोणास सांगितली नव्हती. सांगणे हाच तर पेच होता.

प्रकल्पाचा विषय काय घ्यावा म्हणून मसलत बसली, तेव्हा हणमंतराव सहज बोलून गेले, "घरचं दळण बहुतेक मीच नेतो. गिरणीत उभं राहून पाय भरून येतात. नंबर घरी बसून कळला असता तर बरं झालं असतं." केतकीबाईंनी तो शब्द उचलला आणि 'दळणदूत' नावाचे काम योजिले, की बायाबापड्यांनी मोबाईलवर नंबर लावावा, धान्य कोणते ते सांगावे, आणि आपला डबा दळून जाहला म्हणजे मोबाईलने हाक मारावी. मग केतकीबाई कोडास बसल्या त्या माघ उलटेपर्यंत उठल्या नाहीत. हणमंतराव मधून मधून मागे जाऊन उभे राहात आणि म्हणत, "मी काही करू का?" त्यावर केतकीबाई मान न वळविता म्हणत, "चहा सांग." आणि हणमंतराव चहा सांगत. फाल्गुन लागता काम सिद्ध जाहले, अहवाल बांधून आला, काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरे झळकली, आणि सोहेलखान तो अहवाल स्वच्छ रुमालात गुंडाळून वागवू लागले.

या टोळीचे मार्गदर्शक हिवरेकर मास्तर. निवृत्तीस चार-पाच उन्हाळे उरलेले, आवाज मृदू, आणि एकच गोष्ट दहादा विचारली तरी दहाव्या वेळी पहिल्याइतक्याच हौसेने सांगणारे. त्यांचा एक नियम होता. परीक्षेआधी ते आपल्या टोळ्यांची रंगीत तालीम घेत, आणि त्यात चिठ्ठ्या टाकून ज्याने त्याने आपले सोडून दुसऱ्याचे काम समजावून सांगावे लागे. त्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकिल्या, आणि केतकीबाईंस अहवाल आला, सोहेलखानांस नाश्ता आला, आणि हणमंतरावांस कोड आला. आधी सोहेलखान उभे राहिले आणि बोलिले, "सर, समोसा अशासाठी की तो गार झाला तरी समोसाच राहतो. भजी गार झाली की तिचं काय होतं ते आपल्याला माहीतच आहे." मास्तर म्हणाले, "विचार केलेला दिसतो. बसा." मग केतकीबाईंनी अहवाल उघडिला आणि तिसरे प्रकरण समजावू लागल्या, तो त्यात शहरातील मोठ्या रुग्णालयाच्या रांगेचे वर्णन निघाले. त्यांनी सोहेलखानांकडे पाहिले. सोहेलखान खिडकीकडे पाहात म्हणाले, "जुन्या अहवालातून घेतलं होतं. रुग्णाच्या जागी दळण करायचं राहिलं." आणि सर्व सभा हसली, मास्तरही हसले. मग हणमंतराव उभे राहिले. पडद्यावर कोडाच्या ओळी होत्या. हणमंतरावांनी त्या पाहिल्या, तोंड उघडिले, आणि मिटले. मास्तर रागे भरले नाहीत आणि थांबा, बसा, हेही म्हणाले नाहीत. पुष्कळ वेळ वाट पाहून ते इतकेच बोलिले, "हणमंता, उद्या येताना घरून डबे घेऊन ये. रिकामे चालतील. पाच-सहा आण."

दुसरे दिवशी हणमंतराव पिशवीभर डबे घेऊन आले, आणि मास्तरांनी ते टेबलावर ओळीने मांडविले, आणि प्रत्येकात धान्याचे नाव लिहून कागदाचा कपटा टाकविला. मग मास्तर खुर्चीवर ताठ बसून म्हणाले, "आता मी संगणक. मला काही कळत नाही. तू सांगशील तेवढंच करीन. ही रांग दळून दे मला." हणमंतराव संकोचाने म्हणाले, "पहिला डबा उचला." मास्तरांनी डबा उचलिला आणि तैसेच अधांतरी धरून बसले. "आता दळा की, सर." "दळा म्हणजे काय? मला माहीत नाही." "म्हणजे... त्याच्यावर दळून झालं असं लिहा." मास्तरांनी लिहिले, आणि पुन्हा डबा धरून बसले. "तो खाली ठेवा ना, सर." "तू सांगितलं नव्हतंस." केतकीबाई हसू दाबीत होत्या. हणमंतराव म्हणाले, "तो बाजूला ठेवा. मग पुढचा उचला. मग परत तेच." "कुठवर तेच?" "रांग संपेपर्यंत." "रांग संपली हे मला कसं कळायचं? मी तर मूर्ख आहे." "प्रत्येक वेळी आधी बघा, रांगेत कोणी आहे का. असेल तरच उचला." तेव्हा मास्तरांनी डबा खाली ठेविला आणि पडद्याकडे बोट करून म्हणाले, "आता केतकीने चौथ्या ओळीत काय लिहिलंय ते वाच." हणमंतरावांनी पाहिले, आणि त्यांस ऐसे वाटले की धुके विरून समोर ओळखीचे गाव दिसावे. ते बोलिले, "रांगेत कोणी आहे का, हे बघतीये." "आणि पाचवी?" "पहिला डबा उचलतीये." "आणि सातवी?" "तो बाजूला ठेवतीये. सर, हे तर मी आत्ता तुम्हाला सांगितलं तेच आहे." मास्तर म्हणाले, "मग तुला कोड येत होता. फक्त कोणी तुला विचारलं नव्हतं."

मग हणमंतराव पुढील ओळी वाचू लागले आणि टेबलावरील डबे पुढे सरकवू लागले. गहू, मग बाजरी, मग गहू, मग ज्वारी, मग पुन्हा गहू. आणि हात थांबला. ते म्हणाले, "पण सर, गिरणीत असं दळत नाहीत." केतकीबाईंचे हसू मावळले. "असं म्हणजे कसं?" "आमच्या शिवलिंगअप्पांची चक्की एकच आहे. गव्हावर बाजरी टाकली की मागचं पीठ पुढच्यात येतं. म्हणून ते सगळे गहू आधी काढतात, मग ज्वारी, मग बाजरी. ह्या कोडाप्रमाणे दळलं तर सगळ्यांच्याच डब्यात सगळंच जाईल." केतकीबाई म्हणाल्या, "मी पंचवीस वेळा तपासलंय, कधीच चुकलं नाही." तेव्हा मास्तर म्हणाले, "काय घालून तपासलंस ते दाखव." आणि पाहतात तो नावे 'अअअ', 'बबब', 'कखग' ऐसी, आणि धान्य प्रत्येक ठिकाणी गहू. कारण धान्यांच्या यादीत गहू पहिला होता, आणि घाईत तपासणाऱ्याने यादी कधी उघडलीच नाही. सबंध माघ मास दळणदूताने गव्हाशिवाय काही दळलेच नव्हते. केतकीबाईंचे कान तांबडे जाहले, आणि लाज रागाचे रूप घेऊन बाहेर पडली, "दोन महिन्यांत तुला आज कोड दिसला, आणि आजच त्यात खोट दिसली. इतके दिवस कुठे होतास? अहवाल बांधून आलाय, सोन्याची अक्षरं पडली." सोहेलखान हळूच म्हणाले, "सोन्याची नाहीत, पिवळ्या चकाकीची आहेत." हणमंतराव म्हणाले, "मी मागंच उभा होतो, केतकी. तू चहा सांग म्हणत होतीस." मास्तर डबे एकात एक बसवीत म्हणाले, "बांधलेलं उसवता येतं. ठिगळ लावलेलं खरं पुस्तक परीक्षकाला चालतं. सुबक खोटं मात्र मला चालत नाही. आधी गिरणीत जाऊन या."

त्याप्रमाणे तिघे सायंकाळी गिरणीवर कूच करते जाहले. तेथे पिठाचा धुरळा, पट्ट्याचा खडखडाट, आणि रांगेत युद्ध पेटलेले. एक बाई शिवलिंगअप्पांस म्हणत होत्या, "माझा डबा हिच्या आधी आला, आणि हिचं दळून झालं कसं? ती काय तुमची पाव्हणी लागते?" दुसरी म्हणत होती, "मी कुणाची पाव्हणी न्हाई, माझे गहू हायेत." अप्पा पिठाने पांढऱ्या जाहलेल्या भुवया उडवून म्हणाले, "अक्का, तुमची ज्वारी. गहू चालू हाय. आता मी कितींदा वरडू ह्या खडखडाटात?" केतकीबाई बराच वेळ पाहात उभ्या राहिल्या. मग त्या हणमंतरावांस म्हणाल्या, "रांग मोडणं ही चूक नाहीये इथे. रांग मोडणंच बरोबर आहे." हणमंतराव म्हणाले, "हो. पण का मोडली ते त्या अक्कांना कोणी सांगत नाही, म्हणून भांडण. आपला मोबाईल नुसता नंबर न सांगता कारण सांगेल का? की गव्हाचा घाणा चालू आहे, पुढचा ज्वारीचा, त्यात तुम्ही पहिल्या." केतकीबाईंनी त्यांचेकडे पाहिले, जणू टोळीत तिसरा मनुष्य आजच दाखल जाहला. आणि म्हणाल्या, "चल. तू सांग, मी लिहिते." मग फाल्गुनाचे उरलेले दिवस हणमंतराव डबे मांडून सांगत आणि केतकीबाई लिहीत, आणि सोहेलखान अहवालाची शिवण उसवून पुरवणी जोडीत, आणि जोडताना हळहळत. रुग्णालयाचे प्रकरण तेव्हाच निघून गेले. एवढे जाहले तरी कळपाटावर बोटे केतकीबाईंचीच होती. हणमंतरावांनी अद्याप एक अक्षर आपले हाते लिहिले नव्हते. एकदा केतकीबाईंनी खुर्ची सोडून "तू लिही" म्हटले, तो ते दोन पावले मागे गेले.

मग पाडवा आला आणि नवीन संवत्सर लागले, त्याचे नाव पंचांगात पराभव ऐसे निघाले, आणि सर्व विद्यार्थ्यांत हाहाकार जाहला. कोणी म्हणे परीक्षा पुढे ढकलावी, कोणी म्हणे संवत्सराची शांती करावी. हिवरेकर मास्तर म्हणाले, "पराभव लिहिलंय, कोणाचा ते लिहिलेलं नाही. अभ्यासाला बसा." आणि वैशाखात बातमी आली की बाह्य परीक्षक म्हणून सरनोबतबाई नेमिल्या आहेत. त्यांची कीर्ती आधीच पोहोचली होती. त्या पाठांतर ऐकून घेत नाहीत, अहवाल उघडीत नाहीत, आणि उत्तर चुकले तर रागावत नाहीत, नुसत्या "बरं" म्हणतात, आणि त्या एका शब्दाने भलेभले गारद होतात.

परीक्षेचे दिवशी सकाळीच हणमंतराव शिरस्त्याप्रमाणे नाश्ता घेऊन हजर जाहले. समोसे आणिले, बालुशाही आणिली, आणि थोडी शेव. ताटल्या टेबलावर लावून ते मागे सरकू लागले, तो सरनोबतबाई चष्मा पुसता पुसता बोलिल्या, "हे कोणी आणलं?" "मी, मॅडम." "छान. तुम्ही इथेच थांबा. नाश्ता आणणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारते. माझी पद्धत आहे." सोहेलखानांनी अहवाल छातीशी धरिला. आणि बाईंनी विचारिले, "ह्या प्रकल्पात रांग कशी चालते ते सांगा." हणमंतरावांस उत्तर ठाऊक होते. पाचव्या सत्रातही ठाऊक होते. जीभ टाळ्याकडे निघाली, आणि त्यांस पुढील सबंध वर्ष दिसू लागले, मंडपाचे बांबू, सतरंज्या, आणि तीर्थरूपांचे न रागावलेले तोंड. बाई वाट पाहात होत्या. केतकीबाई कोपऱ्यातून डोळ्यांनी सांगू पाहात होत्या, परंतु बोलण्याची आज्ञा नव्हती. तेव्हा हणमंतरावांची नजर खाली गेली, आणि ताटल्या ओळीने मांडलेल्या दिसल्या, आणि हात जिभेच्या आधी हालले. त्यांनी एक बालुशाही उचलून पुढे ठेविली, मग एक समोसा, मग बालुशाही, मग पुन्हा समोसा. आणि म्हणाले, "मॅडम, ही बालुशाही म्हणजे गहू. समोसा म्हणजे बाजरी. आले ते ह्याच क्रमाने आले." आणि एकदा बांध फुटला तो फुटला. त्यांनी चक्कीत मागचे पीठ पुढच्यात कसे येते ते सांगितले, बालुशाह्या एकीकडे आणि समोसे एकीकडे कसे करावे ते दाखविले, कोणत्या ओळीत रांग तपासली जाते आणि कोणत्या ओळीत डबा बाजूला ठेविला जातो तेही पडद्यावर बोट ठेवून सांगितले. आणि मध्येच शेवेची ताटली सरकवून म्हणाले, "हे उपासाचं दळण. त्याच्या आधी चक्की साफ करावी लागते." बाईंनी लेखणी खाली ठेविली होती.

मग त्या म्हणाल्या, "बरं." आणि सर्वांचे काळीज हालले. परंतु पुढे प्रश्न आला, "गहू चालू आहेत. आणखी गहूवाले येत राहिले, एकामागून एक. तर तुमच्या बाजरीचं काय होईल?" आणि असे म्हणून त्यांनी बालुशाही, बालुशाही, बालुशाही ऐसी ओळ समोशाच्या पुढे लाविली. ही गोष्ट मास्तरांखेरीज कोणी मनात आणिली नव्हती, आणि मास्तर मुद्दाम बोलिले नव्हते. हणमंतराव पुन्हा गप्प जाहले. परंतु ही शांतता निराळी होती. जो भितो तो समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो, आणि हणमंतराव समोशाकडे पाहात होते. मग ते म्हणाले, "तो उपाशी राहील, मॅडम. दिवसभर." "आमच्या शास्त्रातही त्याला उपासमारच म्हणतात. मग?" "मग प्रत्येक डब्यावर लिहायचं की त्याला किती जण ओलांडून गेले. तिघांनी ओलांडलं की चौथा कोणी का असेना, चक्की साफ करायची आणि ह्याचं दळायचं." "कोडात आहे हे?" येथे खोटे बोलण्यास जागा पुष्कळ होती. हणमंतराव म्हणाले, "नाही." सरनोबतबाई उठल्या, खुर्ची संगणकापुढे सरकविली आणि बोलिल्या, "मग लिहा."

हणमंतरावांनी एकवार मागे पाहिले, तो मागे जाण्यास जागाच नव्हती, भिंत होती. ते बसले. एक एक अक्षर शोधून लिहू लागले, कळपाटावर टापा नव्हत्या, नुकते पाऊल टाकणाऱ्या लेकराची चाल होती. ओलांडल्याची संख्या एकाने वाढवावी, ती तीन जाहली का हे पाहावे, जाहली तर त्यास पुढे घ्यावे. चालवून पाहिले तो पडद्यावर लाल अक्षरे उमटली. केतकीबाईंनी ओठ चावला. हणमंतरावांनी ती लाल अक्षरे मोठ्याने वाचिली, शांतपणे, मास्तर वाचावयास लावीत तैसी, आणि म्हणाले, "कंस उघडला, मिटवायचा राहिला." कंस मिटविला. पुन्हा चालविले. यंत्राने विचार करण्यास वेळ घेतला. बाईंनी स्वहस्ते एक बाजरी नोंदविली आणि तीमागून गहू, गहू, गहू, आणि चौथा गहू नोंदविताच मोबाईल वाजला आणि त्यावर अक्षरे आली की, तुमच्यापुढे तिघे गेले, आता चक्की साफ करून तुमची बाजरी घेत आहोत. बाईंनी विचारिले, "तीनच का? चार का नाही, दोन का नाही?" हणमंतराव म्हणाले, "बाजरीवाली माझी आई आहे, मॅडम. तिसऱ्यापर्यंत ती गप्प बसते." तेव्हा सरनोबतबाई हसल्या, आणि त्या राज्यात त्यांचे हसू पूर्वी कोणी पाहिले नव्हते. त्या म्हणाल्या, "बरं. आता ती बाजरी इकडे द्या, गार होतीये." आणि समोसा घेतला. सोहेलखान मास्तरांचे कानात म्हणाले, "मी सांगितलं होतं, सर. गार झाला तरी समोसाच राहतो."

पुढे निकाल लागला, तिघेही उत्तीर्ण जाहले, आणि केतकीबाईंस पुढील अभियांत्रिकीस थेट दुसऱ्या वर्षी जागा मिळाली. निकालाचे दिवशी तीर्थरूप घरी येऊन टोपी काढता काढता विचारते जाहले, "काय विचारलं रे तुला त्या बाईंनी?" आणि हणमंतराव सांगावयास लागले, डबे मांडून, पहिल्यापासून, आणि भाकरी गार जाहली तरी थांबेनात. तेव्हा तीर्थरूप म्हणाले, "एवढं बोलतोस होय तू." आणि मामास फोन लावून म्हणाले की, मंडपाला दुसरा माणूस बघ. दळणदूत अप्पांच्या गिरणीत चालू आहे. भांडणे समूळ मिटली ऐसे लिहिणे खरे होणार नाही, परंतु आता बाया अप्पांशी न भांडता मोबाईलशी भांडतात, आणि अप्पांचा घसा बरा आहे.

सारांश हाच की, गड एकच होता, परंतु तो तिघांनी घेतला. ज्यास येत नाही ऐसे वाटते त्यास बहुधा कोणी विचारिलेले नसते, आणि विचारणाऱ्याने थोडी अधिक वाट पाहावी लागते. त्या राज्यात आता नाश्त्याची सरदारकी मोडली आहे, नाश्ता तिघे मिळून आणितात, आणि हिवरेकर मास्तर दर पौषात नव्या टोळ्यांस सांगतात, "उद्या येताना डबे घेऊन या. रिकामे चालतील." लिहिणाराने जैसे घडले तैसे लिहिले. वाचणाराने लेकरांस वाचून दाखवावे, आणि मध्ये थांबून त्यांस विचारावे. लेखनसीमा.